वारंवार मुतखडा, ठणकणारी हाडं आणि मानेतली बेदाण्याएवढी गाठ : आईच्या पॅराथायरॉईडच्या ऑपरेशनचा अनुभव

कृष्णाकाठची

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सवड मिळाली. माझ्या आईचं (वय ६३, सांगली) गेल्या महिन्यात पुण्यात पॅराथायरॉईडचं ऑपरेशन झालं. मानेवर अडीच सेंटिमीटरचा छेद, प्रत्यक्ष काम चाळीस मिनिटांचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीत बसून चहा पीत होती. पण तिथवर पोचायला आम्हाला आठ वर्षं लागली, म्हणून हा धागा.

पहिला मुतखडा २०१५ साली. तेव्हा सगळे करतात तेच आम्ही केलं. पानफुटीची पानं, हुलग्याचं कढण, रोज शहाळं. खडा पडला. दोन वर्षांनी पुन्हा. मग दुर्बिणीने काढला, स्टेंट घातला, काढला. २०१९ मध्ये तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी सांगायचे, "पाणी कमी पिता, टोमॅटोच्या बिया खाऊ नका." आई बिचारी टोमॅटो सोडून बसली. दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी पिणारी बाई ती!

मधल्या काळात पाय दुखायला लागले. रात्री नडग्या चेपून द्यायला लागायच्या. बद्धकोष्ठ, भूक नाही, सारखी झोप, आणि ज्या आईने आयुष्यभर हळदीकुंकवाला चाळीस बायकांचा स्वयंपाक एकटीने केला ती "आता काही करावंसं वाटत नाही गं" म्हणायला लागली. आम्ही म्हणायचो वय झालं, बाबा गेल्याचं दुःख आहे. २०२२ च्या दिवाळीत अंगणात नुसती हातावर पडली आणि मनगट मोडलं.

प्लॅस्टर काढायच्या वेळी हाडांच्या डॉक्टरांच्या जागी त्या दिवशी एक तरुण फिजिशियन मुलगी बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, "आजी, मुतखडा कधी झाला होता का?" तीन वेळा म्हटल्यावर तिने चिठ्ठीवर फक्त चार शब्द लिहिले : कॅल्शिअम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, पीटीएच.

कॅल्शिअम ११.८ (प्रयोगशाळेची वरची मर्यादा १०.२). पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईडचं संप्रेरक, २१४ (६५ च्या आत हवं). फॉस्फरस कमी. ड जीवनसत्त्व ११.

त्या रात्री मी आईची जुनी फाईल उपसली. २०१९ च्या मुतखड्याच्या वेळचा एक पिवळा पडलेला रिपोर्ट सापडला. कॅल्शिअम १०.९ आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात छापलेला "एच". म्हणजे जास्त. तीन वर्षांहून जास्त काळ तो "एच" आमच्या कपाटात पडून होता. दवाखान्यात कुणी पाहिला नाही, आणि मीही नाही. मला याचं फार वाईट वाटतं, अजूनही.

पुढचं उद्या लिहिते. कुणाच्या घरात असं काही झालं असेल तर नक्की सांगा.

मोगरा७

बाप रे. वाचतेय. पॅराथायरॉईड म्हणजे थायरॉईडच ना? मला थायरॉईडची गोळी चालू आहे, मलाही हे होऊ शकतं का?

निरगुडी

मोगराताई, नाव सारखं असलं तरी काम अगदी वेगळं. मी याच क्षेत्रात शस्त्रक्रिया करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

थायरॉईडच्या मागच्या बाजूला, बहुतेक माणसांत चार, मसुराच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. एकेकीचं वजन ३०-४० मिलिग्रॅम. रक्तातलं कॅल्शिअम एका अरुंद पट्ट्यात ठेवणं एवढंच त्यांचं काम, पण ते अहोरात्र चालतं. कॅल्शिअम जरा उतरलं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडातून कॅल्शिअम काढतं, मूत्रपिंडाला कॅल्शिअम परत शोषायला लावतं आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम करून आतड्यातूनही जास्त ओढून घेतं. कॅल्शिअम पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसतात.

यातली एखादी ग्रंथी वाढून गाठ झाली की ती गप्प बसायचं विसरते. रक्तात कॅल्शिअम भरपूर असतानाही पीटीएच सोडत राहते. मग हाडं पोकळ होतात आणि लघवीवाटे जाणाऱ्या कॅल्शिअमचे खडे होतात. पोट बिघडतं, मन उतरतं, थकवा येतो. कृष्णाकाठची यांच्या आईंना यातलं सगळंच होतं, फक्त प्रत्येक तक्रार वेगळ्या डॉक्टरांपुढे गेली.

ही गाठ कर्करोगाची असण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. पुरुषांपेक्षा बायकांत साधारण तिप्पट, त्यातही पाळी गेल्यानंतर जास्त. तुमच्या थायरॉईडच्या गोळीचा याच्याशी संबंध नाही.

एक गोष्ट ठासून सांगतो. कॅल्शिअम वाढलेलं असताना पीटीएच "नॉर्मल" आलं तरी ते नॉर्मल समजू नये. कॅल्शिअम वर गेल्यावर पीटीएच खाली दबायला हवं. ११ कॅल्शिअमबरोबर ५० पीटीएच हेही बिघाडाचंच लक्षण आहे. कित्येक रुग्ण याच ठिकाणी घरी पाठवले जातात.

जुन्या_पेठेतला

उत्तम धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

या ग्रंथींचा इतिहास फार सुरस आहे आणि त्याची सुरुवात आपल्याकडच्या प्राण्यापासून होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात भारतीय एकशिंगी गेंडा होता. तो १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं आणि थायरॉईडला चिकटलेला एक छोटा पिवळसर गोळा नोंदवून ठेवला. माणसातल्या ग्रंथी मात्र १८८० मध्ये उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने दाखवल्या, आणि त्या वेळी त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

पहिलं यशस्वी ऑपरेशन १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी केलं. रुग्ण होता ट्रामचा कंडक्टर, हाडं इतकी झिजलेली की उभं राहता येत नव्हतं. तेव्हा समजूत अशी की हाडं आजारी आहेत म्हणून ग्रंथी बिचारी वाढून मदत करते आहे. म्हणून मांडल यांनी आधी त्याला वरून ग्रंथीचा अर्क दिला, दुसऱ्याची ग्रंथीही बसवून पाहिली. काही उपयोग झाला नाही. मग उलटा विचार करून गाठच काढली आणि माणूस चालायला लागला. काही वर्षांनी त्याचा आजार उलटला, पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्या ऑपरेशनने कळलं.

आणि अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाचा व्यापारी जहाजांवरचा कप्तान. उंचापुरा माणूस, हाडं खचून कित्येक इंचांनी बुटका झाला. मानेत पुन्हा पुन्हा शोधलं, गाठ सापडेना. अखेर सातव्या ऑपरेशनात, १९३२ साली, ती छातीत सापडली. पण मूत्रपिंडं आधीच खड्यांनी खराब झाली होती, काही आठवड्यांतच तो गेला. आज इंजेक्शन देऊन फोटो काढला की गाठ कुठे आहे ते कळतं, हे वाचताना मला दर वेळी त्या कप्तानाची आठवण येते.

कृष्णाकाठची

@जुन्या_पेठेतला, कप्तानाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आईचीही उंची दीड इंच कमी भरली, आम्हाला पत्ताच नव्हता.

तर पुढे. निदान झाल्यावर चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली. पाच लिटरचा कॅन घरात ठेवून मोजून मापून भरायचा. त्यात कॅल्शिअम ३८० मिलिग्रॅम आलं. बायकांत २५० च्या वर म्हणजे जास्त. ही तपासणी का, तर एका आनुवंशिक प्रकारात रक्तातलं कॅल्शिअम जास्त पण लघवीतलं कमी असतं, आणि त्यांना ऑपरेशनचा उपयोग होत नाही. तो प्रकार नाही ना, हे आधी पाहतात.

मग मानेची सोनोग्राफी. डाव्या बाजूला खाली १.६ सेंमीची गाठ. आणि सेस्टामिबी स्कॅन. हातात इंजेक्शन देतात, पंधरा-वीस मिनिटांनी एक फोटो, दोन तासांनी दुसरा. पहिल्या फोटोत थायरॉईड फुलपाखरासारखं उजळलेलं. दुसऱ्यात ते फुलपाखरू विझलेलं आणि डाव्या पंखाच्या टोकाशी एकच ठिपका उरलेला. तंत्रज्ञ मुलाने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "मावशी, हाच." आई कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. म्हणाली, "एवढ्याशाने मला एवढं छळलं होय."

दोन्ही तपासण्यांनी एकच जागा दाखवली, म्हणून सर्जन म्हणाले की पूर्ण मान उघडायची गरज नाही, त्या एका जागीच जाऊ.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बसले होते. पूर्ण भूल दिली होती. छेद घेण्याआधी रक्त घेतलं : पीटीएच २३२. गाठ काढून दहा मिनिटं झाल्यावर पुन्हा रक्त. तो नमुना घेऊन वॉर्डबॉय माझ्या समोरून पळत गेला. निकाल यायला लागलेली ती पाऊण तासाची वाट मला आठ वर्षांपेक्षा लांब वाटली. ४१ आलं. मग टाके घातले.

सर्जननी बाहेर येऊन छोट्या डबीत गाठ दाखवली. आम्ही सांगलीचे, म्हणून मला पहिल्यांदा बेदाणाच आठवला. तसाच तपकिरी-लालसर, गुळगुळीत, किंचित सुरकुतलेला. वजन १.४ ग्रॅम. निरगुडी यांनी वर लिहिलंय ते ३०-४० मिलिग्रॅम आठवून बघा.

शुद्धीवर आल्यावर तिला पहिल्यांदा "ई म्हणा" सांगितलं. आवाज खणखणीत आला. मी भिंतीला टेकून रडले.

आबोली_२

ताई, तुमच्याबरोबर मीही रडले. आईंना नमस्कार सांगा.

दहा मिनिटांनी रक्त घेऊन काय कळतं? आणि "ई" कशासाठी?

निरगुडी

पीटीएच रक्तात फार टिकत नाही, दर तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं. म्हणून दोषी ग्रंथी निघाली की दहा मिनिटांत पातळी धाडकन खाली येते. आधीच्या सर्वांत जास्त आकड्याच्या निम्म्याहून कमी झाली तर काम झालं असं धरतात. मायामीच्या जॉर्ज अर्विन यांनी ही पद्धत रूढ केली, म्हणून तिला मायामीचा निकष म्हणतात. आईंचं २३२ वरून ४१, म्हणजे शंका घ्यायला जागाच नाही. पातळी उतरली नाही तर दुसरी गाठ कुठेतरी आहे असं समजून तिथेच पुढे शोधायचं, रुग्णाला शिवून परत पाठवायचं नाही.

छोटा छेद शक्य झाला तो या दोन गोष्टींमुळे : आधी जागा दाखवणारा स्कॅन आणि तिथल्या तिथे खात्री देणारं रक्त. पूर्वी प्रत्येकाची मान दोन्ही बाजूंनी उघडून चारही ग्रंथी डोळ्यांनी पाहायचे. शंभरातल्या ८० ते ८५ जणांत एकच ग्रंथी बिघडलेली असते, मग उरलेल्या तिघींना कशाला हात लावायचा? पिसाचे पाओलो मिक्कोली यांनी तर दीड सेंटिमीटरच्या छेदातून बारीक दुर्बीण घालून हे करून दाखवलं.

"ई" स्वरयंत्राच्या नसेसाठी. ती नस ग्रंथीच्या अगदी शेजारून जाते. तिला कायमची इजा होण्याचं प्रमाण सरावलेल्या हातात शंभरात एकाच्या आसपास, पण ज्याला होते त्याचा आवाज कायमचा बसतो. म्हणून सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारा : वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?

वाडेश्वर

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तोही इथे असावा म्हणून लिहितो. बायकोचं कॅल्शिअम ११.२, पीटीएच १३०. सोनोग्राफीत काही नाही, सेस्टामिबीत काही नाही. एका ठिकाणी सांगितलं, "स्कॅन कोरा आहे, म्हणजे आजार नाही." आम्ही दीड वर्ष निवांत बसलो. त्या दीड वर्षात तिच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर झालं.

नंतर दुसऱ्या सर्जननी समजावलं की निदान रक्तावर होतं, स्कॅन फक्त पत्ता शोधायला. मग फोर-डी सीटी केला, त्यातही अंधुकच दिसलं. शेवटी पूर्ण मान उघडून चारही ग्रंथी पाहिल्या. दोन वाढलेल्या होत्या, एक उजवीकडे वर, एक डावीकडे खाली. दोन्ही काढल्या. छेद पाच सेंटिमीटरचा, दोन दिवस जास्त राहिलो, बस्स. आज तीन वर्षं झाली, कॅल्शिअम ९.६.

छोट्या छेदाचा हट्ट धरू नका एवढंच सांगायचंय. तिला छोटा छेद घेऊन एकच गाठ काढली असती तर आम्ही परत तिथेच आलो असतो.

निरगुडी

वाडेश्वर, शब्दन् शब्द खरा. कोरा स्कॅन बघून ऑपरेशन नाकारणं ही सर्रास होणारी चूक आहे.

पश्चिमरंग

न्यू जर्सीहून. इथे वार्षिक तपासणीच्या रक्तातच कॅल्शिअम असतं, त्यामुळे माझ्या मोठ्या बहिणीचं काही त्रास व्हायच्या आधीच लक्षात आलं. तिचं ऑपरेशन सकाळी झालं आणि संध्याकाळी घरी आली. गळ्याला पट्टी लावून भाजी चिरत होती, आम्हीच ओरडलो.

एक प्रश्न. तिला काहीच त्रास नव्हता, तरी ऑपरेशन करा म्हणाले. गरज होती का?

निरगुडी

त्रास नसेल तरी काही गोष्टी बघतात. वय पन्नाशीच्या आत, कॅल्शिअम वरच्या मर्यादेपेक्षा १ हून जास्त, हाडांची घनता ढासळलेली किंवा मणक्याला फ्रॅक्चर, मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता (ईजीएफआर) ६० च्या खाली, किंवा सोनोग्राफीत लपलेला खडा. यातलं एक जरी असलं तरी ऑपरेशनचा सल्ला देतात. घनता मोजताना कंबर आणि मांडीबरोबर मनगटाजवळचं हाडही मोजून घ्या. हा आजार तिथलं टणक हाड आधी खातो. यातलं काहीच नसेल तर लक्ष ठेवून थांबताही येतं.

आपल्याकडे रुग्ण उशिरा येतात. त्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास, त्यामुळे हाडांची अवस्था जास्त वाईट असते.

मुक्काम_चिपळूण

माझे वडील सहा वर्षं डायलिसिसवर आहेत. त्यांचं पीटीएच १४०० आलंय. हा धागा वाचून वाटलं की त्यांचीही अशी एक गाठ काढून टाकता येईल का? आणि सुई घालून गाठ जाळतात असा व्हिडिओ पाहिला, तो खरा असतो का?

निरगुडी

दादा, तुमच्या बाबांचा प्रकार दुसरा. मूत्रपिंड बंद पडल्यावर फॉस्फरस साचतो, ड जीवनसत्त्व कार्यक्षम होत नाही, कॅल्शिअम उतरतं आणि चारही ग्रंथी वर्षानुवर्षं ताणाखाली राहून वाढतात. म्हणून तिथे एकच काढून भागत नाही. आधी फॉस्फरस बांधणारी औषधं, कार्यक्षम ड जीवनसत्त्व, सिनाकॅल्सेट ही गोळी. आटोक्यात येत नसेल तर साडेतीन ग्रंथी काढतात, किंवा चारही काढून एकीचे बारीक तुकडे हाताच्या स्नायूत बसवतात. हातात अशासाठी की पुढे पुन्हा वाढल्या तर मान न उघडता काढता येतात. नेफ्रॉलॉजिस्टना विचारा, त्यांच्याशिवाय काही ठरवू नका.

सुईचं म्हणाल तर ते खरं आहे. सोनोग्राफीत बघत सुई गाठीत घालतात आणि रेडिओ लहरींनी किंवा मायक्रोवेव्हने ती तापवून मारतात. शेजारची नस भाजू नये म्हणून मध्ये द्रव सोडून अंतर करतात. टाका नाही, पूर्ण भूल नाही. हृदय कमजोर असलेल्या, भूल न झेपणाऱ्या माणसांना हा चांगला आधार आहे. पण गाठ हातात येत नाही, तिची तपासणी होत नाही, आणि काही वेळा पुन्हा करावं लागतं. ज्याला ऑपरेशन झेपतं त्याला मी आजही ऑपरेशनच सांगतो.

मुक्काम_चिपळूण

मनापासून आभार डॉक्टरसाहेब. शनिवारी डायलिसिसच्या वेळी विचारतो.

आबोली_२

कृष्णाकाठची ताई, ऑपरेशननंतर काही त्रास? दूध-दही बंद करायला सांगतात का?

कृष्णाकाठची

दूध बंद करायला आधीही सांगितलं नव्हतं. उलट सर्जन म्हणाले, खाण्यातलं कॅल्शिअम तोडलं तर ग्रंथी हाडातून आणखी ओढते. फक्त वरून कॅल्शिअमच्या गोळ्या घेऊ नका म्हणाले, आणि पाणी चालू ठेवा.

त्रास झाला तो दुसऱ्या रात्री. अडीचच्या सुमारास आईने मला हलवून उठवलं. "ओठांवर मुंग्या चालल्यासारखं होतंय, बोटंही बधिर झालीत." मी लगेच नर्सला बोलावलं. कॅल्शिअम ७.६. वर्षानुवर्षं लुटलेली हाडं आता अधाशासारखं कॅल्शिअम आत ओढायला लागली होती. याला भुकेली हाडं म्हणतात असं कळलं, आणि ते नाव मला फार पटलं. सलाईनमधून हळूहळू कॅल्शिअम दिलं, ईसीजीचं यंत्र लावून ठेवलं होतं. मग तोंडावाटे कॅल्शिअम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं, पहिले पंधरा दिवस भरपूर, नंतर कमी कमी. सगळ्यांना एवढं होत नाही. हाडं जास्त खराब असतील त्यांना होतं. पण घरी गेल्यावर ओठ-बोटांना मुंग्या आल्या तर सकाळची वाट बघत बसू नका.

बाकी गिळताना चार दिवस दुखलं. पट्टी आठव्या दिवशी निघाली.

कृष्णाकाठची

(सहा महिन्यांनंतर) धागा वर काढतेय, कारण सहा महिन्यांनी कॅल्शिअम नॉर्मल असेल तरच "बरं झालं" म्हणायचं असं सर्जन म्हणाले होते. काल रिपोर्ट आला. कॅल्शिअम ९.४, पीटीएच ४८, ड जीवनसत्त्व ३४. नवा खडा नाही. हाडांची घनता वर्षाने मोजायची आहे.

आईच्या गळ्यावरची रेघ सुरकुतीत मिसळून गेलीय, मुद्दाम शोधावी लागते. काल तिने संक्रांतीसाठी दोन किलो तिळाच्या वड्या थापल्या. बद्धकोष्ठ गेलं. नडग्या चेपायला लागत नाहीत.

मोगरा७

किती छान बातमी दिलीत! तीळगूळ घ्या, गोड बोला.

शेवंती_कराड

मी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. सासूबाईंना चार वर्षांत दोनदा मुतखडा झाला. हा धागा वाचून रात्री त्यांची फाईल काढली. २०२१ चा रिपोर्ट, कॅल्शिअम ११.१, पुढे "एच". उद्या सकाळी रक्त द्यायला नेतेय. अजून काय काय सांगू तिथे?

कृष्णाकाठची

शेवंती, कॅल्शिअमबरोबर अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, पीटीएच आणि ड जीवनसत्त्व, सगळं एकाच रक्तात करून घे. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर पीटीएचचा आकडा चुकू शकतो, आधी प्रयोगशाळेत सांग. रक्तदाबाची कुठली गोळी घेतात तेही लिहून ने, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी कॅल्शिअम वाढतं. २०२१ चा तो कागद बरोबर ठेव. रिपोर्ट आले की इथे टाक, मी बघत असेन.